आजीची चार मतं

प्रिय सई,

रविवारी फोनवर आजीनं शाईचं बोट दाखवलं आणि म्हणाली, "चार मतं देऊन आले." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, एका माणसाचं मत एकच असतं ना? मग आजीनं चार कशी दिली, ही चीटिंग नाही का? आणि कुणाला मत दिलं ते आजी-आजोबा एकमेकांनाही सांगत नाहीत, तर मग महिनाभर निवडणुकीबद्दल बोलतात तरी काय?

चीटिंग मुळीच नाही. १५ जानेवारी २०२६ ला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात झाली ती आमदार-खासदारांची निवडणूक नव्हती, महानगरपालिकेची होती. राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान त्याच दिवशी झालं. आमदारकीला आजी एकच बटण दाबते, कारण तिच्या मतदारसंघाला आमदार एकच. महापालिकेत नगरसेवक निवडायचे असतात, आणि पुण्यात एका प्रभागाला नगरसेवक चार. एकूण ४१ प्रभाग. त्यातले ४० चार-चार जणांचे आणि एक पाच जणांचा, म्हणून सभागृहात १६५ नगरसेवक. आजीच्या प्रभागात चार जागा होत्या आणि प्रत्येक जागेला तिचं एक मत. आजोबांनाही चार आणि शेजारच्या काकूंनाही चारच. सगळ्यांना सारखी मिळाली की मोजणी बरोबर राहते.

इथं न्यू जर्सीत शाळेच्या बोर्डाच्या मतपत्रिकेवर बऱ्याच ठिकाणी 'यांतले तीन निवडा' असं लिहिलेलं असतं. पण तिथे एकच यादी असते आणि तिच्यातून तिघं उचलायचे. पुण्यात याद्याच चार: अ, ब, क आणि ड. अ जागेच्या उमेदवारांची लढत फक्त अ मधल्यांशीच. रंगही वेगवेगळे असतात. अ ची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकी गुलाबी, क ची फिकी पिवळी आणि ड ची फिकी निळी. मतपत्रिका म्हणजे यंत्रावर बटणांच्या शेजारी लावलेला नाव आणि चिन्हांचा कागद. यांतल्या काही जागा राखीव असतात. निम्म्या महिलांसाठी, शिवाय अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींसाठी. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. जागा राखीव म्हणजे उमेदवार त्या गटातला असायला हवा, एवढंच. मत मात्र प्रभागातल्या प्रत्येकानं द्यायचं. 'ती बायकांची जागा, मला कशाला' म्हणून सोडून देणारी माणसं आपलं मत फुकट घालवतात.

आता आजीनं आत जाऊन काय केलं ते सांगते. महापालिकेचं मतदान सकाळी साडेसातला सुरू होतं आणि संध्याकाळी साडेपाचला संपतं. साडेपाचच्या आत रांगेत उभं असलेल्या सगळ्यांना मत देता येतं, रात्र झाली तरी. आत पहिल्या टेबलावर यादी. कर्मचारी अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचतो. ते मुद्दाम, म्हणजे शेजारी बसलेल्या पक्षांच्या पोलिंग एजंटांनाही ऐकू जावं आणि नाव दुसऱ्याचं असेल तर तिथल्या तिथे हरकत घेता यावी. मग ओळखपत्र बघतात, बोटाला शाई लावतात, सही किंवा अंगठा घेतात. शेवटच्या टेबलावरचा माणूस कंट्रोल युनिटचं बटण दाबून यंत्र आजीसाठी मोकळं करतो, आणि मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटी.

तिथे चारही गटांत एकेक बटण दाबायचं. बटण दाबलं की त्या नावासमोर लाल दिवा लागतो. म्हणून प्रत्येक गटात बोट जपून टाकावं लागतं. चारही मतं पडली की यंत्र लांब 'पीऽऽ' असा आवाज करतं. तो आवाज म्हणजे मतदान पुरं झाल्याची खूण. अनेक जण सवयीनं एक बटण दाबून निघतात, कारण विधानसभेला तेवढंच असतं. मग आवाज होत नाही, यंत्र पुढच्या मतदारासाठी मोकळं होत नाही, आणि कर्मचाऱ्याला हाक मारावी लागते, "काकू, थांबा, तीन राहिलीत." एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर त्या गटातलं 'नोटा' दाबायचं. आमदारकीला यंत्राशेजारी काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते ती इथे नसते, त्यामुळे दिवा आणि आवाज यांवरच लक्ष ठेवायचं.

दुसरी चूक क्रमांकाची. पक्षाचे लोक सांगतात, चारही बटणं आपल्याच चिन्हाची दाबा, म्हणजे सगळं पॅनेल, पक्षाचे चारही उमेदवार, निवडून येईल. पण चारही याद्या वेगळ्या असल्यामुळे अ मध्ये दुसरं असलेलं चिन्ह ड मध्ये पाचवं असू शकतं. घरून 'दोन नंबर' पाठ करून आलेला माणूस चारही ठिकाणी दोन नंबर दाबतो आणि एक-दोन मतं भलत्यालाच जातात. म्हणून घरच्या म्हाताऱ्या माणसांना क्रमांक सांगू नये, रंग, नाव आणि चिन्ह सांगावं. चारही एकाच पक्षाला द्यावीत असा नियम कुठेही नाही. मला तर माणूस बघून वेगवेगळी दिलेली मतं जास्त विचाराची वाटतात.

यादीचा घोळ मात्र खरा मोठा. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि तो नवी यादी करत नाही. विधानसभेची यादी घेऊन तिचे प्रभागांप्रमाणे तुकडे करतो. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. तुकडे पाडताना एकाच सोसायटीतली एक इमारत एका प्रभागात आणि दुसरी शेजारच्या प्रभागात जाते, नवरा एका केंद्रावर आणि बायको दुसऱ्या. प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी लागते तेव्हाच हरकत घ्यावी लागते. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून काही होत नाही. ज्यांचं नाव दोनदा असल्याचा संशय होता त्यांच्यापुढे या वेळी यादीत दोन चांदण्या छापल्या होत्या, आणि आपण एकाच ठिकाणी मत देणार असं त्यांच्याकडून लिहून घ्यायचं ठरलं होतं. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरायचं नाही. केंद्राध्यक्षाला सांगायचं. ओळख पटली की तो कागदी मतपत्रिका देतो. त्याला प्रदत्त मत म्हणतात. ते पाकिटात वेगळं ठेवतात आणि एरवी मोजत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर तेच पाकीट उघडता येतं.

शाईबद्दल तू विचारलं नाहीस, पण आजीच्या बोटाच्या फोटोकडे फार वेळ बघत होतीस. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरच्या घामातल्या मिठाशी त्याचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड होतं, ते पाण्यात विरघळत नाही आणि उजेडात काळं पडत जातं. म्हणून मतदानाच्या दिवशी जांभळट दिसणारी रेघ दुसऱ्या दिवशी जास्त गडद असते. देशातल्या मोठ्या निवडणुकांसाठी १९६२ पासून ही शाई म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून येते आणि काडीनं डाव्या हाताच्या तर्जनीला लावतात. महापालिकांत मात्र बरीच वर्षं मार्कर पेन वापरत आले आहेत. या वेळी मुंबईत आणि आणखी काही ठिकाणी तक्रार झाली की नेलपेंट काढायच्या द्रावणानं ती शाई पुसली जाते. आयोगाचं म्हणणं असं की सुकायला दहा-बारा सेकंद लागतात, त्यानंतर ती जात नाही. तेवढे सेकंद बोट धरून ठेवायला रांगेच्या घाईत कुणाला सवड असते? खुणेबद्दल शंका येणार असेल तर काडी आणि कुपीच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता त्या गप्पांचं. आपल्याकडे मत गुप्त आणि अंदाज उघड. चहाच्या टपरीवर, रिक्षात, सोसायटीच्या बाकावर विचारतात ते 'वातावरण काय म्हणतंय?' कुणाला दिलं असं सहसा कुणी तोंडावर विचारत नाही. 'घासून आहे' म्हणजे थोड्या मतांनी इकडे किंवा तिकडे जाईल. 'एकतर्फी' म्हणजे लढतच नाही. 'सीट निघाली' म्हणजे जिंकली, 'सीट पडली' म्हणजे हरली. 'डिपॉझिट गेलं' ही सगळ्यात मोठी नामुष्की. आमदारकीला उभं राहताना सर्वसाधारण उमेदवाराला दहा हजार रुपये भरावे लागतात आणि वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ते जप्त होतात. आणि 'गुलाल कुणाचा?' हा मतमोजणीच्या दिवसाचा प्रश्न. जिंकलेल्याची माणसं मोजणी केंद्राबाहेर गुलाल उधळतात, म्हणून गुलाल म्हणजेच विजय.

ही भाषा मला मनापासून आवडते. पण तिच्यात एक उणीव आहे. तिच्यात सगळं 'कोण येणार' यावर आहे, 'येऊन काय करणार' यावर फार थोडं. आणि महापालिकेची निवडणूक तर अगदी हाताशी असलेल्या गोष्टींची असते: नळाला पाणी किती वाजता येतं, कचऱ्याची गाडी, पावसाळी गटार, फुटपाथ, दवाखाना, महापालिकेची शाळा.

पुण्यात याच्या आधीची निवडणूक झाली २१ फेब्रुवारी २०१७ ला. तेव्हा तू तीन वर्षांची होतीस, आता बारावं लागलंय. मुदत पाच वर्षांची, ती मार्च २०२२ मध्ये संपली. मग ओबीसी आरक्षणाचा खटला आणि प्रभाग कसे पाडायचे याचे वाद यांत निवडणूक लांबत गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली. मधली जवळपास चार वर्षं पुण्यात एकही नगरसेवक नव्हता. आयुक्त प्रशासक म्हणून सगळा कारभार बघत होते. गटार तुंबलं तर आजोबांनी ज्याच्या दारात जाऊन उभं राहावं असा निवडून दिलेला माणूसच नव्हता. गप्पांमध्ये याचा राग फारसा ऐकू आला नाही, याचं मला वाईट वाटतं.

चारच्या प्रभागाबद्दलही माझी तक्रार आहे. मुंबईत २२७ जागा आणि प्रत्येक प्रभागाला एकच नगरसेवक. पुण्यात २००२ मध्ये तिघांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ पासून चौघांचा. दर वेळी जे सरकार असतं ते सोयीचं गणित मांडतं. चौघांचा प्रभाग ऐंशी हजारांच्या आसपास वस्तीचा होतो, त्यामुळे एकट्या अपक्षाला तेवढ्या घरांपर्यंत पोचणं जवळजवळ अशक्य. मोठ्या पक्षाच्या चिन्हामागे बसलेला कच्चा उमेदवारही निघून जातो. आणि नंतर काम निघालं की अ म्हणतो ब कडे जा, ब म्हणतो ते क चं काम. याचा एक उपाय नागरिकांच्या हातात आहे. तक्रार लेखी करायची, चौघांची नावं वर लिहायची आणि एकच अर्ज चौघांनाही द्यायचा.

आणखी एक. आजीनं महापौर निवडला नाही. महापौर नगरसेवक आपल्यातून निवडतात, अडीच वर्षांसाठी, आणि ते पद कुणासाठी राखीव हे सोडतीनं ठरतं.

गावाकडे पद्धत निराळी आहे. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, आयोग कपाट, शिट्टी, छत्री अशी चिन्हं वाटतो. वॉर्डातले दोन किंवा तीन सदस्य आणि वर थेट सरपंच, म्हणजे तिथेही एकाहून जास्त मतं. काही गावं निवडणूक बिनविरोध करतात. भांडण टाळण्यासाठी ते चांगलंही असतं, पण जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथे पदांचे लिलाव झाल्याचं दिसल्यावर आयोगानं तिथल्या निवडणुका रद्द केल्या. तसंच करायला हवं होतं.

समान मतं पडली तर? त्यासाठी मराठीत फार सुंदर शब्द आहे, ईश्वरचिठ्ठी. दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून लहान मुलाकडून एक उचलायला लावतात. २०१७ मध्ये मुंबईच्या गिरगावात, प्रभाग २२० मध्ये, दोन उमेदवारांना बरोबर ५,९४६ मतं पडली होती आणि तिथला नगरसेवक असाच ठरला. त्या दिवशी घरी राहिलेल्या कुणाही एका माणसाला ती चिठ्ठी टाळता आली असती.

तुझा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: इथून मत देता येतं का? भारताचा पासपोर्ट असलेल्या परदेशातल्या माणसाला ६ए नावाचा अर्ज भरून पासपोर्टावरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येतं. पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः त्या केंद्रावर जावं लागतं, टपालानं किंवा फोनवरून नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की तो हक्क संपतो.

येत्या रविवारी आजीला तिच्या प्रभागातून निवडून आलेल्या चौघांची नावं विचार, आणि बोटाचा फोटो पुन्हा मागून घे. कातडीवरची शाई काही दिवसांत जाईल. नखाच्या मुळाशी असलेली तेवढी राहील आणि नखाबरोबर पुढे सरकेल, महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. होळीपर्यंत नखाचं मूळ आणि रेघ यांत चार-पाच मिलिमीटरची कोरी जागा दिसायला हवी. रेघ त्याआधीच पुसट झाली तर मलाही दाखव.

तुझी,
आई