ऑनलाइन बीजगणित शिकताना

व्हिडिओ व्याख्याने सलग पाहिली की विषय समजल्यासारखा वाटतो, पण पेन हातात घेतल्यावर अडायला होते. म्हणून प्रत्येक उदाहरणापाशी व्हिडिओ थांबवून ते आधी स्वतः वहीत सोडवावे, असा माझा आग्रह आहे. सुरुवातीच्या बहुतेक चुका चिन्हांच्या असतात. ३क्ष − २(क्ष − ५) = १७ या समीकरणात कंस सोडवताना −२ ने −५ ला गुणल्यावर +१० मिळतात; तेथे घाईने −१० लिहिले, तर क्ष ची किंमत ७ ऐवजी २७ येते, आणि ऑनलाइन चाचणी बहुधा उत्तर चूक एवढेच दाखवते, चुकलेली पायरी नव्हे. पायऱ्या गाळू नका, आणि मिळालेली किंमत मूळ समीकरणात ठेवून पडताळा घ्या: २१ − ४ = १७. अपूर्णांक कच्चे असतील, तर आधी तेच पक्के करा. सरावाला बालभारतीची आठवी-नववीची गणिताची पुस्तके मला सर्वांत योग्य वाटतात, आणि पुण्यात ती अप्पा बळवंत चौकात सहज मिळतात. त्यांपैकी आठवीतील अवयवांचे प्रकरण मात्र संपूर्ण सोडवावे, कारण पुढे वर्गसमीकरणे सोडवताना त्याचीच गरज पडते.