वाचक विचारतात: पांढरा झगा आणि पितरांची हाक

प्रश्न: आमच्या सोसायटीत झिम्बाब्वेचे विद्यार्थी राहतात. दर शनिवारी पांढरे झगे घालून, अनवाणी, झाडाखाली प्रार्थनेला बसतात. हे ख्रिस्ती की जुन्या आफ्रिकी धर्माचे? – वाचक, कोंढवा

उत्तर: ख्रिस्तीच. वर्णनावरून १९३२ मध्ये झिम्बाब्वेतल्या मुटारे शहराजवळ सुरू झालेल्या जोहाने मरांगे यांच्या पंथाचे वाटतात. शुक्रवारी जमत असते, तर अशाच दुसऱ्या पंथाचे, जोहाने मासोवे यांचे अनुयायी असावेत असा अंदाज केला असता. झगा बघून ख्रिस्ती आणि जुन्या धर्माची ‘सरमिसळ’ वाटते खरी, पण पितरांच्या बाबतीत हीच मंडळी सर्वांत कडक. दारू बंद, डुकराचे मांस बंद, पितरांचे विधी बंद. बहुपत्नीत्व मात्र चालते. सरमिसळ आहे ती वेगळ्याच जागी: आजार कशामुळे झाला, कोणी काही केले का, हे पूर्वी देवऋषी सांगे, आता अंगात पवित्र आत्मा आलेला संदेष्टा सांगतो. प्रश्न तेच, उत्तर देणारा बदलला. बोलावले तर चपला आणि घड्याळ काढून जा. बायका-पुरुष वेगळे बसतात.

प्रश्न: आफ्रिकेत चर्चमध्ये पितरांना हाक मारतात, हे खरे का? – वाचक, बिबवेवाडी

उत्तर: काँगोत मारतात, आणि तेही रोमच्या परवानगीने. तेव्हा झाईर म्हणवणाऱ्या त्या देशासाठी व्हॅटिकनने १९८८ मध्ये मिस्सेचा (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेचा) स्वतंत्र विधी मंजूर केला. सुरुवातीलाच संतांच्या जोडीने पूर्वजांना साद घालतात. सगळ्यांना नव्हे, सरळ मनाने जगलेल्यांनाच. ही अट कळीची. वेदीभोवती नाचत फेरी होते. क्षमायाचना आरंभी नसून प्रवचन आणि श्रद्धाप्रकटनानंतर येते, लगेच शांतिवंदन, म्हणजे एकमेकांना शांतीच्या शुभेच्छा. श्राद्धाशी तुलना करू नका. इथे पितरांना पिंड नाही की नैवेद्य नाही. (पुण्यातल्या कॅथलिकांना यात नवल वाटू नये. भारतासाठीही १९६९ मध्ये मिस्सेत बारा बदल मंजूर झाले होते, त्यात चपला काढणे आणि आरती होती.)

प्रश्न: मग झिम्बाब्वेत ख्रिस्ती घरांत पितरांवरून वाद का होतात? – वाचक, औंध

उत्तर: बहुतेकदा ‘कुरोवा गुवा’वरून. या विधीत झिम्बाब्वेतले शोना लोक मृत्यूनंतर साधारण वर्षाने मृताच्या आत्म्याला घरी आणतात. त्यासाठी नाचणीच्या मोडाची बिअर सुमारे आठवडाभर आधी घालतात आणि ती थडग्यावर ओततात. खरा वाद बिअरचा नाही. घरी आलेला आत्मा कुटुंबाचा रक्षणकर्ता ठरतो, आणि मिशनऱ्यांना ती जागा फक्त ख्रिस्ताची हवी होती. बंदी घातली, लोक सकाळी चर्चला आणि रात्री थडग्यावर जाऊ लागले. शेवटी कॅथलिकांनी आपला ख्रिस्ती विधी घडवला. पेंटेकोस्टल मंडळी (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारे ख्रिस्ती) बहुधा फिरकतच नाहीत. मृताचे नाव आणि जबाबदारी वारसाकडे अनेक ठिकाणी याच वेळी सोपवतात, त्यामुळे थोरलाच आला नाही तर सगळे अडून बसते.