मोज्यातला चेंडू

प्रश्न : मी दिवसभर संगणकावर हिशेबाचं काम करते. उजव्या फऱ्याच्या आतल्या कडेला, मणक्यापासून तीन-चार बोटांवर, एक गाठ आहे. संध्याकाळपर्यंत तिथे ठणका लागतो. यजमान कोपराने दाबून देतात. दाबताना जीव जातो, पण नंतर दोन तास हलकं वाटतं. मागच्या आठवड्यात तिथे काळंनिळं झालं आणि चौथ्या दिवशी गाठ पुन्हा हजर! अजून जोर लावायला हवा का?

उत्तर : नको. आधी यजमानांचा कोपर थांबवा. त्यांच्या मनात काळजी आहे हे मान्य, पण त्या काळजीला वजन फार आहे.

काळंनिळं पडणं म्हणजे आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या. गाठ त्याने फुटत नाही, कारण ती फुटणारी वस्तूच नव्हे. तुम्ही ज्याला गाठ म्हणता तो स्नायूतल्या काही तंतूंचा ताठरलेला पट्टा असतो. बोट पट्ट्याला आडवं फिरवलंत तर कातडीखाली सुतळी सरकल्यासारखी लागते आणि त्या सुतळीवर एखादा दाणा असतो. त्यावर बोट आलं की माणूस दचकतो आणि म्हणतो, ‘हां, हीच ती!’ ही ओळख महत्त्वाची. नुसतं ‘दुखतंय’ पुरत नाही, रोजची तीच कळ उठायला हवी. यालाच ट्रिगर पॉइंट म्हणतात.

तो का तयार होतो? सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण असं : स्नायूचा तो तुकडा आखडून बसतो, आखडल्यामुळे तिथला रक्तपुरवठा तोकडा पडतो आणि ऊर्जा कमी पडते. गंमत अशी की स्नायूला आखडायला जशी ऊर्जा लागते तशी सैल व्हायलाही लागते. ती नसली की तो अडकून राहतो. खुलासा पटण्यासारखा आहे, पण त्यावर तज्ज्ञांचे वाद अजून मिटलेले नाहीत. दोन अनुभवी फिजिओथेरपिस्टची बोटं एकाच पाठीवर एकाच जागी थांबतील याचीही खात्री नसते. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘तुमच्या अंगात सतरा गाठी आहेत’ असं ठणकावून सांगणारं कुणी भेटलं तर घाबरू नये.

आता घरी काय करायचं ते. टेनिसचा चेंडू एका लांब मोज्यात टाका. मोज्याचं तोंड खांद्यावरून पुढे घेऊन डाव्या हातात धरा, म्हणजे चेंडू पाठीवर लोंबेल. भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, पावलं भिंतीपासून फूटभर पुढे, गुडघे किंचित वाकलेले. उजवा हात छातीवरून नेऊन डाव्या खांद्यावर ठेवा. त्याने फरा बाजूला सरकतो आणि त्याच्याखाली दडलेली जागा उघडी पडते. ही एक गोष्ट केली नाही तर चेंडू हाडावरच घासत राहतो आणि लोक म्हणतात, ‘आम्हाला उपयोग झाला नाही.’ आता गुडघे थोडे वाकवत-सरळ करत चेंडू फिरवा आणि ओळखीची कळ उठली की थांबा.

दाब किती? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य असं धरलं, तर पाचापर्यंत. ओळखायची सोपी खूण श्वास. श्वास रोखला गेला, दात आवळले गेले की दाब जास्त झाला, भिंतीपासून जरा पुढे या. अर्धा मिनिट ते दीड मिनिट तसंच राहा. पाचावरचं दुखणं हळूहळू तीन-दोनवर उतरायला हवं. उतरण्याऐवजी चढलं, तर सोडून द्या. ती जागा आज तयार नाही किंवा ती जागा तीच नव्हे. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि एका वेळी सगळं मिळून पाच मिनिटं पुरे. मणक्यावर चेंडू नेऊ नका. आधी पंधरा मिनिटं कोरडा शेक घेतलात तर स्नायू लवकर ऐकतो. पिशवी टॉवेलात गुंडाळा. मधुमेहाने ज्यांच्या त्वचेची जाणीव कमी झाली आहे त्यांनी शेकाच्या भानगडीत एकट्याने पडू नये, भाजलेलं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी थोडी रग जाणवली तर चालेल. वळ नको, काळंनिळं नको. जास्त म्हणजे काय हे मी स्वतःच्या पाठीवर शिकले आहे. नवी नवी प्रॅक्टिस होती, रोज वाकून काम. एका रात्री जमिनीवर चेंडू ठेवला, त्यावर पाठ टेकली, बरं वाटलं आणि चक्क झोप लागली. पाऊण तासाने जाग आली. पुढचे दोन दिवस मी पेशंटना ‘हात वर करा’ सांगत होते आणि माझाच वर जात नव्हता.

खरा प्रश्न चौथ्या दिवसाचा आहे. दाबल्यावर जे हलकं वाटतं ती एक उघडलेली खिडकी समजा. बहुतेक जण त्या खिडकीत पुन्हा खुर्चीत जाऊन बसतात. त्याऐवजी चेंडू बाजूला ठेवल्या-ठेवल्या तो हात पूर्ण वर, मागे, गोल, असा दहा-बारा वेळा सावकाश फिरवा. माऊस टेबलाच्या पलीकडच्या कडेला असेल तर ओढून कोपराजवळ आणा. हात लांब करून तासन् तास धरलेला माऊस मी या गाठीमागे नेहमी बघते. आणि एक उलटं वाटेल असं : फऱ्यांमधले हे स्नायू पुष्कळदा आखूड नसतात, खांदे पुढे झुकल्यामुळे सारखे ताणलेले असतात. त्यांना आणखी ताणून काय साधणार? ताणायची आहे ती छाती. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून एक पाऊल पुढे टाका आणि वीस-तीस सेकंद थांबा. मागच्या स्नायूंना हवी ताकद. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून कोपर मागे ओढायचे, दहा वेळा, एक दिवसाआड.

आणि अर्ध्या तासाने उठा. काम नसलं तरी उठा. ट्रिगर पॉइंट हा शब्द ज्यांच्यामुळे जगभर पोचला त्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल 1955 पासून जॉन केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करत होत्या. 1961 मध्ये त्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पहिल्या स्त्री वैयक्तिक डॉक्टर झाल्या. इंजेक्शनं त्या द्यायच्याच, पण त्यांनी केनेडींना झुलती खुर्चीही सुचवली. बसल्या जागी स्नायू आळीपाळीने आवळत-सैल होत राहावेत, एवढाच हिशेब. तुमच्याकडे झुलती खुर्ची नसेल, पण उठून पाणी प्यायला कुणी अडवलेलं नाही.

प्रश्न : खांदा पुढून दुखतो, अगदी आत. त्या कुशीवर झोपता येत नाही. एक्स-रे चांगला आहे. पुढून रोज चोळतो, काडीचा फरक नाही.

उत्तर : मागे बघा. फऱ्याच्या पाठीवर पसरलेला इन्फ्रास्पायनॅटस नावाचा स्नायू आहे. त्यातल्या गाठीची कळ बहुतेकदा खांद्याच्या पुढच्या बाजूला, खोल उमटते. दंडातूनही खाली जाते. तुम्ही घंटा वाजते तिथे चोळताय, बटण दाराबाहेर आहे.

यात जादू नाही. 1938 मध्ये जोनास केलग्रेन या डॉक्टरने स्वयंसेवकांच्या स्नायूंत तीव्र मिठाचं पाणी टोचून पाहिलं होतं. सुई एकीकडे आणि दुखणं भलतीकडे, असं पुन्हा पुन्हा दिसलं. स्नायूच्या दुखण्याचा पत्ता मेंदूला नीट वाचता येत नाही, असं म्हणा हवं तर.

भिंतीशी थोडे तिरके उभे राहा, चेंडू फऱ्याच्या मधोमध मांसल भागावर घ्या, बाकी वर सांगितल्याप्रमाणे. तिथे दाबल्यावर पुढचं दुखणं जागं झालं तर जागा सापडली. पण हात आडवा वर नेताच येत नसेल किंवा कंगवा फिरवणंही जमेनासं झालं असेल, तर हे चेंडूचं प्रकरण नाही. सांधा आखडलाय का, ते तपासून घ्यावं लागेल. आणि डाव्या खांद्याबरोबर छातीत जडपणा, घाम, धाप असं काही आलं तर चेंडू शोधत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

प्रश्न : व्यायामानंतर स्नायूत लॅक्टिक ॲसिड साठतं आणि त्याच्या गाठी होतात, म्हणून मसाजने ते ‘पिळून काढावं’ लागतं, हे खरं का?

उत्तर : नाही. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट साधारण तासाभरात शरीर स्वतःच वापरून टाकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात, त्याचं कारण सवय नसलेल्या श्रमाने तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा. त्या आपोआप भरतात. हलकं चालत राहा.

प्रश्न : वडील 68 वर्षांचे आहेत. बारा तासांच्या प्रवासानंतर त्यांच्या डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखतंय. पोटरी उजवीपेक्षा जाड दिसते आणि गरम लागते. कुठलं तेल लावून चोळू?

उत्तर : चोळू नका. चेंडू नको, तेल नको, मसाजचं यंत्र तर मुळीच नको. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी आणि मागे तासन् तास बसून झालेला प्रवास, हे वर्णन खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं असू शकतं. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. आजच डॉक्टरांना दाखवा. धाप किंवा छातीत कळ असेल तर थेट तातडीच्या विभागात न्या. तुमच्या पत्राला मी लगेच वेगळं उत्तर पाठवलं आहे. इथे छापायला सांगितलं ते इतरांसाठी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनीही जोराचा दाब टाळावा.

प्रश्न : कुल्ल्यातून कळ निघून मांडीच्या बाहेरून घोट्यापर्यंत जाते. सायटिका असेल का? की तीही गाठच?

उत्तर : दोन्ही शक्य आहे. पत्रावरून मी ठरवणार नाही. कुल्ल्याच्या बाजूला खोलात असलेला ग्लुटिअस मिनिमस हा स्नायू हुबेहूब सायटिकाची नक्कल करतो. खिशाची शिवण लागते त्या सुमारास अंगठा दाबून पाहा. तीच कळ पायात उतरली तर संशयाला जागा आहे. मग भिंतीला कूस लावून चेंडू वापरता येईल. मागच्या खिशात फुगलेलं पाकीट ठेवून बसत असाल तर ते आजच काढा.

मात्र मुंग्या, बधिरपणा, चालताना पाऊल फटकन पडणं, खोकल्याबरोबर पायात वीज चमकणं यापैकी काही असेल तर नस दबलीय का हे आधी बघावं लागतं. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधली जाणीव गेली, तर एक रात्रही थांबायचं नाही.

प्रश्न : चेंडू नेमका कोणता घ्यावा? गोल्फचा मिळाला आहे. आणि मानेलाही लावला तर चालेल का?

उत्तर : गोल्फचा तळपायासाठी ठेवा, पाठीला तो फार टणक. सुरुवात टेनिसच्या चेंडूने, तोही जुना, दबलेला असला तर उत्तम. मानेला मागून, कवटीखालच्या मांसल भागावर, उशीवर पडून दोन बोटांनी हलकं दाबलंत तर चालेल. मानेच्या पुढे आणि बाजूला नाही. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या तिथून जातात. काखेत, जांघेत, गुडघ्यामागेही नाही. आणि मोजा गुडघ्यापर्यंतचा घ्या. आखूड मोज्यातला चेंडू मानेखालीच अडकतो, फऱ्यापर्यंत पोचतच नाही.