दिवड एवढा का चावतो? : सापांच्या स्वभावाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (चिखली) : पुराच्या पाण्याबरोबर परड्यात दिवड आला. मुलाने उचलला तर तीनदा चावला. तरी त्याला तो पाळायचाच आहे. हाताळून माणसाळेल का?

आधी जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. दिवड बिनविषारी आहे, पण त्याचे दात बारीक आणि अणकुचीदार. म्हणून रक्त बरंच येतं आणि घरदार घाबरतं.

आता त्याच्या बाजूने बघा. पंचगंगेच्या काठावर बगळे, घारी, मुंगूस, माणूस असे सगळेच त्याच्या मागे. विष नाही, अजगरासारखी ताकद नाही. मान चपटी करून नागाचा आव आणायचा आणि तरीही कुणी धरलंच तर चावत सुटायचं, एवढंच त्याच्या हातात. हाच दिवड रंकाळ्याच्या कडेला मोकळा असला की आपली चाहूल लागताच पाण्यात सटकतो. ज्याला पळायला वाट आहे तो चावायला थांबत नाही.

रोज हाताळलं तर काही दिवसांनी चावणं कमी होईलही. पण ती माया नव्हे, सवय आहे. रानातून धरलेला साप पुष्कळदा अन्नच सोडतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप घरी ठेवता येत नाही. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. आणि मुलाची आवड मात्र मोडू नका. त्याला साप ओळखायला शिकवा.

प्रश्न (राजारामपुरी) : माझा बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) परिवेश या परदेशी पाळीव प्राण्यांची नोंद होणाऱ्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेला आहे. सगळे म्हणतात ही जात शांत, पण माझा तर पेटी उघडली की झडप घालतो. रागीट निघाला का?

राग नाही, भूक आहे. तुम्ही पेटी फक्त खाणं द्यायला उघडता का? मग झाकण हललं की उंदीर येतो, एवढं तो शिकलाय. त्याच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात. तुमचा ऊबदार हात त्याला भक्ष्यच वाटतो, त्यात उंदराचा वास असेल तर विचारूच नका.

हात धुवा. आधी साप उचलायच्या आकड्याच्या काठीने अंगाला हळूच स्पर्श करा, तो सैल पडला की मधून आधार देत उचला. डोक्यावरून हात नेऊ नका, शिकारी पक्षी तसाच येतो. खाल्ल्यावर दोन दिवस आणि कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले की हात लावायचाच नाही. चावून धरलंच तर ओढू नका. दात मागे वळलेले असतात, ओढल्याने तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. तोंडावर थंड पाणी ओता, सोडेल.

प्रश्न (कळंबा) : मग रेटिक्युलेटेड पायथन (जाळीदार नक्षीचा मोठा अजगर) घेऊ का?

नको. सहा मीटरपेक्षा मोठा होणारा साप एकट्या माणसाने हाताळायचा नसतो. आणि तो निकोबार बेटांवर राहतो, म्हणजे भारतीयच, कायद्याने बंद.

प्रश्न (शिरोळ) : धामण शेपटीने मारते, गाईचं दूध पिते, हे खरं का? बांधावर दिसली की लोक मारतात.

दोन्ही खोटं. कोंडीत सापडली तर गळा फुगवून गुरगुरते, चावतेही, पण बिनविषारी आहे. उसातले उंदीर खाणारी तिच्यासारखी राखणदार दुसरी नाही. मारू नका, मारू देऊ नका.

प्रश्न (हातकणंगले) : पाचटात घोणस निघते. आमच्याकडची पोरं ती हातात धरून व्हिडिओ काढतात. ती सुस्त असते म्हणतात.

हे वाचून जीव कासावीस झाला. घोणस सुस्त दिसते, कारण ती पाचटाच्या रंगात मिसळून दबा धरून बसते. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फूत्कार हा शेवटचा इशारा असतो. विषदंत लांब, झेप डोळ्याला न दिसणारी. तिला हाताळायची सुरक्षित पद्धत घरी नाहीच. पोरांना आजच थांबवा. पाचटात शिरताना गमबूट घाला, हात घालण्याआधी काठी फिरवा.

कुणाला चावलीच तर दोरी बांधू नका, चीर देऊ नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. पायातले जोडवे, हातातल्या अंगठ्या काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि माणसाला न चालवता, प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष देतात.