एजंट नेमकं बघतो तरी काय?

प्रश्न : माझी पहिली कादंबरी पूर्ण झालीय, १ लाख ८० हजार शब्दांची. बऱ्याच लिटररी एजंटना, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकांना विकणाऱ्यांना, मेल केली. दोघांकडून साचेबंद नकार आला, बाकीच्यांचा पत्ताच नाही. विषय एकदम वेगळा आहे असं वाचणारे सगळे म्हणतात. मग अडतंय कुठे? आणि एकजण वाचायची फी मागतोय, देऊ का?

उत्तर : फीचं आधी सांगते. अजिबात देऊ नका. एजंटची कमाई पुस्तक विकलं गेल्यावरच, साधारण १५ टक्के कमिशन, परदेशी किंवा भाषांतराचे हक्क विकले तर बहुधा २० टक्के, कारण तिथे आणखी एक सहएजंट मध्ये असतो. वाचायचेच पैसे घेणाऱ्याला तुमचं पुस्तक खपो न खपो, काय फरक पडतो?

आणि तुमच्या बाकीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. महिनोन्महिने फुकट राबायचं आणि मग कदाचित पैसे, म्हणून एजंट बघतो की हे मला कुठल्या संपादकाला विकता येईल. विषय वेगळा असणं चांगलंच, पण तेवढ्यावर भागत नाही. पहिल्या कादंबरीला साधारण ८० हजार ते १ लाख शब्द ठीक समजतात, तुमचा आकडा बघूनच काहीजण थांबले असणार, कारण त्यांना वाटतं ह्यांनी अजून कात्री लावलेलीच नाहीये (आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते बरोबरच असतं).

मेलमध्ये काय लिहिलंत ते कळवलं नाहीत, पण 'ही कादंबरी मानवी नात्यांचा वेध घेते' छापाचं वाक्य असेल तर काढून टाका, त्यातून काहीच कळत नाही. नायक कोण आहे, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय आणि नाही मिळालं तर काय जाईल, एवढं एका पानात. 'असं आजवर कुणी लिहिलंच नाही' हेही नको. उलट गेल्या चारपाच वर्षांतली दोन पुस्तकं सांगा ज्यांचे वाचक तुमचंही वाचतील.

मग सुरुवातीची पानं, खरी परीक्षा तिथेच. समजा नायक अलार्मने उठतो, आरशात बघतो, लहानपण आठवतो, आणि नवव्या पानावर भावाचा फोन येतो की घर मी विकून टाकलंय. कादंबरी त्या फोनपासून सुरू होते हो! आधीची आठ पानं तुम्हाला लिहायला लागली, वाचणाऱ्याला लागत नाहीत. एजंट बहुतेकदा दुसऱ्यातिसऱ्या पानावरच सोडून देतो आणि तुमचा भन्नाट विषय पुढेच राहून जातो.

घरच्यांनी केलेलं कौतुक मेलमध्ये चुकूनही लिहू नका.

प्रश्न : पुस्तक अर्धंच झालंय, पाठवलं तर चालेल? आणि एकाच वेळी अनेकांना पाठवावं का?

उत्तर : कादंबरी असेल तर आधी पूर्ण करा, नवख्या लेखकाच्या अर्ध्या कादंबरीवर कुणी सही करत नाही. माहितीपर पुस्तक असेल तर प्रपोजल (म्हणजे पुस्तकाचा आराखडा) आणि एकदोन नमुना प्रकरणं सहसा पुरतात, पण तिथे त्या विषयावर तुम्हीच का लिहायचं हे पटवून द्यावं लागतं. अनेकांना पाठवायला हरकत नाही, फक्त प्रत्येकाच्या वेबसाईटवरचे नियम वाचा, कुणाला तीन प्रकरणं हवी असतात तर कुणाला फक्त दहा पानं. सगळ्यांना एकाच मेलमध्ये सीसी करू नका, प्लीज. आणि एकाने ऑफर दिली की बाकीच्यांना लगेच कळवा, त्यांनाही निर्णय घ्यायला एकदोन आठवडे द्या.