नेल सलूनमध्ये एसी आहे, मास्कही लावते, तरी डोकं दुखतं आणि बोटं सोलतात. असं का होतं?

तुम्ही लिहिलंय, कळंगुटच्या सलूनमध्ये आठ महिने झाले, संध्याकाळ झाली की डोकं ठणकतं आणि बोटांची टोकं खाजून सोलतात. मी म्हापशाला नऊ वर्षं हेच काम करते. सुरुवातीची तीन वर्षं मीही एसी आणि मास्कच्याच भरवशावर काढली, म्हणून हे कळकळीने लिहितेय.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत सोडतो. त्यामुळे रिमूव्हरमधला ॲसिटोन, ॲक्रिलिकच्या लिक्विडची वाफ, सगळं दिवसभर साठत जातं. पावसाळ्यात तर दार किलकिलं ठेवायचीही सोय नसते. घरी गेले की माझी मुलगी ओढणी हुंगून म्हणायची, "आई, दुकानाचा वास येतो."

एक करून बघा. सकाळी एकही बाटली उघडायच्या आधी देवापुढची उदबत्ती टेबलापाशी धरा आणि धूर कुठे जातो ते पाहा. (बाटल्या उघडल्यावर हे चुकूनही करू नका, ॲसिटोन लगेच पेट घेतो.) आमच्याकडे धूर एसीखाली गिरकी घेऊन माझ्याच तोंडाशी यायचा. मालकिणीला तो दाखवला, तेव्हा कुठे ती भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवायला तयार झाली. पंखा छताशी लावू नका. तिकडे जाताना वाफ तुमच्या नाकावरूनच जाते. टेबलाच्या उंचीला, तुमच्या चेहऱ्यापासून दूर ओढेल असा लावा आणि समोरच्या बाजूने बाहेरची हवा आत यायला फट ठेवा, नाहीतर पंखा नुसताच फिरतो. ॲसिटोनचा कापूस उघड्या डब्यात टाकत असाल तर आजपासून झाकणाचा डबा आणा. आमच्याकडे निम्मा वास त्या डब्याचा होता.

निळा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही. एन-९५ घासकामाची धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी कोळशाचं फिल्टर असलेला मास्क लागतो, पण आधी पंखाच.

आता बोटं. मला याचीच जास्त काळजी वाटते. माझा डावा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, म्हणजे गिऱ्हाइकाचं बोट मी ज्या चिमटीत धरते नेमकी तीच जागा, आधी खाजली, मग बारीक फोड आले, मग कातडी फाटली. मी साबण बदलत बसले. ती ॲलर्जी होती, नखांच्या जेलमधल्या हेमा नावाच्या रसायनाची (ते ॲक्रिलेट कुळातलं). न सुकलेलं जेल कातडीला लागत राहिलं की ती होते आणि एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. त्याच कुळातली द्रव्यं दातांच्या फिलिंगमध्ये आणि हाडांच्या सिमेंटमध्ये असतात, म्हणून पुढे दंतवैद्यालाही सांगावं लागतं. लेटेक्सचे हातमोजे इथे उपयोगाचे नाहीत. नायट्राइलचे घाला आणि जेल लागलं की लगेच बदला, कारण पातळ मोज्यातूनही ते काही मिनिटांत आत झिरपतं. बाटलीवर "टॉक्सिक-फ्री" लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ते सहसा टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड, डायब्युटाइल थॅलेट या रसायनांबद्दल असतं, हेमाबद्दल नाही. आणि लेबल नसलेलं सुटं, स्वस्त लिक्विड, ज्याचा वास डोक्यात जातो आणि नखं घासता घासली जात नाहीत, त्यात एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) हे रसायन असू शकतं. अमेरिकेत १९७०च्या दशकातच त्याविरुद्ध कारवाई झाली होती. मी ते हातातही धरत नाही.

या आठवड्यात बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचा विभागात जा. वापरता त्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो न्या आणि पॅच टेस्टबद्दल (कातडीवर पट्टी चिकटवून ॲलर्जी कशाची ते बघतात, त्याबद्दल) विचारा. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का, तेही सांगा. खोकला किंवा छातीत घरघर होत असेल तर ते लपवू नका, या वाफांनी दमाही जडतो. आणि तोवर जेलचं काम दुसरीला द्या. मालकीण कुरकुरली तर सकाळी, बाटल्या उघडायच्या आधी, उदबत्ती लावून दाखवा.