वाढणे की वाढवणे? इंग्रजी क्रियापदांच्या फसव्या जोड्या

प्रश्न : 'लाय' आणि 'ले', 'राइज' आणि 'रेझ' या जोड्या पाठ करूनही लिहिताना चुकतात. 'आय लेड ऑन द बेड' चूक का?

उत्तर : हा भेद तुमच्या जिभेवर आधीच आहे. वाढणे–वाढवणे, बसणे–बसवणे, पडणे–पाडणे. किमती वाढल्या : प्राइसेस रोझ. दुकानदाराने किमती वाढवल्या : द शॉपकीपर रेझ्ड द प्राइसेस. बसण्याचे 'सिट' आणि बसवण्याचे 'सेट', पडण्याचे 'फॉल' आणि झाड पाडण्याचे 'फेल' याही मुळात अशाच जोड्या.

'लाय' म्हणजे आडवे होणे, पडून राहणे. 'ले' म्हणजे आडवे ठेवणे. फरशी बसवणे, कोंबडीने अंडी घालणे, दोन्हींना 'ले'च. खरा घोळ भूतकाळात होतो. 'लाय'चा भूतकाळ नेमका 'ले' आहे, म्हणजे दुसऱ्या क्रियापदाच्या वर्तमानकाळासारखाच दिसतो! रूपे मोठ्याने म्हणा : लाय, ले, लेन. मग : ले, लेड, लेड. 'काल दुपारी मी पलंगावर पडलो होतो' याला 'आय ले ऑन द बेड'. तिथे 'लेड' लिहिले की वाचणारा विचारणार, ठेवले काय? 'आय लेड द बेबी ऑन द बेड' हे मात्र अगदी बरोबर, कारण 'कोणाला' याचे उत्तर वाक्यातच आहे. लिहिताना हाच प्रश्न क्रियापदाला विचारा : काय? कोणाला? उत्तर मिळाले तर 'ले' आणि 'रेझ', नाही मिळाले तर 'लाय' आणि 'राइज'.

'लेड'चे स्पेलिंग 'पेड'सारखे, एल-ए-आय-डी. शेवटी ई-डी लावू नका. खोटे बोलण्याचे 'लाय' निराळे, त्याचा भूतकाळ साधा 'लाइड'.

प्रश्न : 'बॉरो' कधी आणि 'लेंड' कधी?

उत्तर : आपण पैसे उसने घेतो आणि उसनेच देतो, शब्द एकच, म्हणून गोंधळ. घेणाऱ्याचे 'बॉरो', देणाऱ्याचे 'लेंड'. 'कॅन आय बॉरो युवर पेन?' किंवा 'कॅन यू लेंड मी युवर पेन?' 'बॉरो मी' कधीच नाही. ज्याच्याकडून घ्यायचे त्याच्याआधी 'फ्रॉम' हवे. वस्तू उचलून न्यायचीच नसेल, उदाहरणार्थ कोणाकडे स्वच्छतागृह वापरायचे असेल, तर दोन्ही सोडा आणि 'यूज' म्हणा.